शाहिराला मिनिटं किती?

२०२३ च्या महाराष्ट्र दिनाच्या झेंडावंदनाला ‘जय जय महाराष्ट्र माझा’ नेहमीसारखंच लागलं, फरक इतकाच की त्या वर्षी पहिल्यांदा ते राज्यगीत म्हणून लागलं. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीपासून सरकारने त्याला तो मान दिला. त्याआधीच्या शुक्रवारी केदार शिंदे यांचा ‘महाराष्ट्र शाहीर’ पडद्यावर आला. त्यातल्या अजय-अतुल यांच्या ‘बहरला हा मधुमास’वर तर महिनाभर लहानथोर सगळेच रील करत सुटले होते. ज्यांच्या आवाजात हे गीत घुमतं आणि ज्यांच्यावर हा चित्रपट आहे, त्या शाहीर कृष्णराव साबळे यांचं जन्मशताब्दी वर्षही त्याच सप्टेंबरात पुरं झालं. एवढे योग जुळल्यावर गौरवाला तोटा नसतो, तसा तो नव्हताच. प्रश्न आहे तो वेळेचा. राज्यगीताचा अधिकृत अवधी एक मिनिट एकेचाळीस सेकंद, त्यासाठी मूळ गीतातली दोनच कडवी घेतली आहेत. रील त्याहूनही आखूड. पूर्वी ढोलकी तापायला जितका वेळ लागायचा, तितक्यात आता शाहीर आटोपतो. साबळ्यांची साठेक वर्षांची कारकीर्द आणि तिच्यातले चढउतार समजून घ्यायचे असतील, तर पुरस्कार आणि टाळ्या जरा बाजूला ठेवून मिनिटंच मोजावीत. कोणत्या काळात, कोणत्या मंचाने या माणसाला सलग किती वेळ दिला, यातून त्यांच्या लोकप्रियतेचा आलेख जितका स्पष्ट दिसतो, तितका चरित्रपटातून दिसत नाही.

वाईजवळचं पसरणी, अमळनेरची शाळा, साने गुरुजींचा सहवास, सातवीनंतर सुटलेलं शिक्षण हा भाग आता चित्रपटामुळे घरोघरी पोचला आहे, त्यावर थांबत नाही. महत्त्वाचं आहे ते मुंबईतलं आगमन. चाळीसच्या दशकातलं गिरणगाव शाहिरांनी गजबजलेलं होतं. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं होतं. परळ, लालबाग, नायगाव, भोईवाडा या पट्ट्यातला श्रोता पाळी संपवून येत असे आणि एकदा मैदानात मांडी घातली की उठायची घाई करत नसे. पोवाडा तासभर चालला तरी त्याची हरकत नव्हती. शाहीर मध्येच थांबून चार गोष्टी सुनावू लागला, तर उलट रंग चढायचा. अशा श्रोत्यांसमोर घडलेला गळा ‘शाहीर साबळे आणि पार्टी’ या नावाने ग्रामोफोन कंपनीच्या खोलीत शिरला, तेव्हा त्याला पहिली कात्री लागली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची. तेवढ्यात धृपद पकडायचं, झीलकऱ्यांना जागा द्यायची आणि शेवट गाठायचा. हे गणित साबळ्यांना जमलं, बऱ्याच चांगल्या शाहिरांना जमलं नाही. ‘विंचू चावला’सारखं नाथांचं भारूड किंवा ‘या गो दांड्यावरनं’ आजही वाजतं ते नुसत्या आवाजाच्या जोरावर नव्हे. पहिल्या दोन ओळींत श्रोत्याला धरण्याचं कसब त्यात आहे, आणि पॉप गायकाकडे लागतं ते हेच. त्यांना लोककलावंत म्हणून एकदा देव्हाऱ्यात बसवलं की हे व्यावसायिक कौशल्य बघायचं राहून जातं.

याच कौशल्यामुळे १९६० मध्ये राजा बढे यांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांची चाल त्यांच्या गळ्यात आली. गीत साबळ्यांचं नाही, चालही त्यांची नाही, तरी ते त्यांच्या नावावर जमा झालं आहे. बढे-खळ्यांवर यात अन्याय होतो, हे मान्य. पण लोकांनी हा हिशेब उगाच केलेला नाही. खळ्यांची चाल अवघड जागा सहज वाटाव्यात अशी असते, भावगीताचा गायक ती देखणी करून सोडतो. साबळ्यांनी तिला मैदानातल्या आवाजाचा खरखरीतपणा दिला, त्यामुळे गीत एका गायकाचं न राहता जमावाचं झालं. त्यांच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत उंच शिखर, आणि तेही तबकडीच्या मापाचं. उरलेली कारकीर्द त्या शिखराच्या सावलीत गेली, असं म्हणायचा मोह होतो, पण वस्तुस्थिती उलटी आहे. त्यांचं सर्वांत धाडसी काम याच सुमारास सुरू झालं होतं आणि ते कुठल्याच तबकडीत मावणारं नव्हतं.

ते काम म्हणजे मुक्तनाट्य. ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आबुरावाचं लगीन’, ‘आंधळं दळतंय’ ही नावं जुन्या परळकरांना आठवतात, बाकीच्यांना चित्रपटाच्या निमित्ताने कानावर पडली असतील. स्वातंत्र्यानंतर लगेचच तमाशावर सरकारी बडगा आला, संहिता तपासून घ्यायची पद्धत आली, आणि शाहिरांना आपला सांगाडा नव्या नावाने उभा करावा लागला. साबळ्यांनी गण आणि बतावणी ठेवली, वगाच्या जागी आजच्या शहराची गोष्ट घेतली आणि राजा मयेकर, सुहास भालेकर यांच्यासारखे नट सोबत घेऊन पूर्ण लांबीचा खेळ मांडला. या प्रकाराची खरी ताकद त्याच्या सैलपणात होती. सकाळच्या पेपरातली बातमी संध्याकाळी सोंगाड्याच्या तोंडी यायची. प्रेक्षागृहातून कुणी बोललं तर त्याला तिथल्या तिथे उत्तर मिळायचं. गाणं या सगळ्यात गुंफलेलं असायचं आणि गोष्टीला वळण हवं असेल तिथेच फुटायचं. भोईवाड्याच्या अंगाला सोशल सर्व्हिस लीगचं दामोदर नाट्यगृह १९२२ मध्ये उभं राहिलं होतं. कामगार रंगभूमीचा प्रेक्षक तिथे घडला, आणि तो फुकटचं काही खपवून घेणारा नव्हता. दशावतार, संगीत नाटक, तमाशा, कामगार स्पर्धेतलं नाटक हे सारं त्याने पाहिलेलं असे. अशा प्रेक्षकाला दोन-अडीच तास धरून ठेवणं हे तीन मिनिटांच्या गाण्यापेक्षा कितीतरी कठीण. साबळ्यांना मोजायचं तर या तासांवर मोजायला हवं. पण तास रेकॉर्ड होत नाहीत, म्हणून आपण मिनिटांवर मोजतो.

‘आंधळं दळतंय’चं नाव घेतलं की पहिला आक्षेप येतो आणि तो टाळणं अप्रामाणिक ठरेल. हे मुक्तनाट्य १९६६ चं, शिवसेनाही त्याच वर्षाच्या जूनमधली. मराठी माणूस आपल्याच शहरात मागे पडला, ही त्याची फिर्याद. मुंबईतल्या दाक्षिणात्यांविरुद्ध जी हवा तापली, तिला या खेळाने फुंकर घातली असं म्हणतात, आणि ते खोटं नाही. मग हे काम विस्मरणात गेलं तर हळहळ कशाची? माझं उत्तर असं की चढउतार समजून घ्यायचे तर हाच खेळ सर्वांत आधी उघडून पाहायला हवा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत जो शाहीर कामगारांच्या व्यापक आघाडीसाठी गात होता, त्याच्याच मंचावर सहा वर्षांत कामगाराची तक्रार भाषिक अस्मितेच्या भाषेत बोलू लागली. गिरणगावचं राजकारण लाल बावट्याकडून भगव्याकडे कसं सरकलं, याचा इतका जिवंत दस्तऐवज दुसरा सापडायचा नाही. राज्यगीताच्या दोन कडव्यांतला शाहीर सगळ्यांनाच सोयीचा आहे. मुक्तनाट्यातला शाहीर कुणाला ना कुणाला टोचतो. वुडी गथ्री या लोकगायकाच्या प्रसिद्ध अमेरिकन गाण्यातलं खासगी मालमत्तेवरचं कडवं शालेय पुस्तकांतून असंच गळलं होतं. लोकगायकाला राष्ट्रीय करायचं म्हणजे त्याची टोकं घासायची, ही रीत आपण शोधलेली नाही. पण चिकित्सा करायची तर घासलेल्या दगडाची कशी करणार?

याच काळात याच वस्तीतून दुसरा एक माणूस वेगळ्या वाटेने गेला. दादा कोंडके नायगावचे. सेवादलाच्या कलापथकात तयार झालेले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ पासून त्यांना नाव दिलं आणि १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ आला. लोकनाट्यातला हजरजबाबीपणा दादांनी कॅमेऱ्यासमोर नेला, तो टिकला आणि पैसाही झाला. साबळ्यांनी सिनेमाला आपला मुख्य मंच केलं नाही. त्यांच्या चाहत्यांना हे निष्ठेचं लक्षण वाटतं. मला त्यात निष्ठेइतकाच हिशेबाचा अंदाज चुकलेला दिसतो. सत्तरच्या दशकात मुंबईत वाद्यवृंदांचे बॅनर लागू लागले होते, १९७२ मध्ये दूरदर्शन आलं होतं, १९६९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अवघ्या सहा आठवड्यांत अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही गेले होते. शाहिरी मंचाचा आधार चारी बाजूंनी खचत असताना पूर्ण लांबीच्या खेळावर पोट चालवणं अवघड होत जाणार, हे दिसत होतं. खाली उतरणारी रेषा इथून सुरू होते. आवाज थकलेला नव्हता. त्याला लागणारा वेळ देणारे लोक कमी होत गेले, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाने तर तो श्रोताच विखुरला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, तिथे मंडळाची वर्गणी कोण देणार आणि शाहिराची बिदागी कुठून निघणार?

यातून साबळे पुन्हा वर आले ते ‘महाराष्ट्राची लोकधारा’ घेऊन, आणि एवढ्या वयात कारकीर्द नव्याने बांधणारे गायक आपल्याकडे फारसे झाले नाहीत. वासुदेव, गोंधळी, कोळी, धनगर, वाघ्या-मुरळी, लावणी, भारूड असा एकेक प्रकार काही मिनिटांत मांडायचा, नाचणाऱ्या तरुण मुलामुलींनी मंच भरायचा आणि निवेदनाने दुवे सांधायचे. दूरदर्शनला हे हवंच होतं. दादर, ठाणे, डोंबिवलीच्या नाट्यगृहांना हवं होतं, आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनाही. अभ्यासक नाक मुरडतात, त्यांचं म्हणणं असं की लोकधारेने लोककलेची ताटवाढ केली: सगळं थोडंथोडं, तिखट कमी, मांडणी देखणी. जागरण रात्रभराचं, त्याची पाच मिनिटं केली की विधी जातो आणि वेशभूषा उरते. ही टीका बिनचूक आहे. मात्र ती करताना दोन गोष्टी विसरल्या जातात. रात्रभर बसणारा श्रोता साबळ्यांनी घालवला नव्हता, तो गिरण्यांबरोबर गेला होता. आणि लोकधारा ही शाळाही होती. भरत जाधव, अंकुश चौधरी, केदार शिंदे ही मंडळी तिथेच घामाघूम होऊन मंच शिकली. ‘महाराष्ट्र शाहीर’मध्ये शाहिराची भूमिका करणारा नट त्याच पथकातला आहे. नव्वदनंतरच्या मराठी नाटक-सिनेमाला जो वेग आणि जो मोकळाढाकळा विनोद आला, त्याचं मूळ बतावणीत शोधावं लागतं. मुक्तनाट्याचे तास असे दुसऱ्यांच्या अंगात मुरले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९८४ चा, पद्मश्री १९९८ ची.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे. महाराष्ट्राचा शाहीर म्हणून एकटे साबळेच का? विठ्ठल उमप नायगावातच जन्मले, ‘जांभूळ आख्यान’सारखा अचाट प्रयोग त्यांच्या नावावर आहे, २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच त्यांनी देह ठेवला. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज गणपतीपासून भीमजयंतीपर्यंत वर्षभर गल्लोगल्ली घुमतो. वामनदादा कर्डकांच्या शब्दांवर पिढ्या जाग्या झाल्या. यांच्यापैकी कुणाच्या वाट्याला सरकारी शिक्क्याचा असा मान आला नाही, आणि त्यात जातीचा भाग नाही असं म्हणणं डोळ्यांवर कातडं ओढणं होईल. साबळ्यांची लोकप्रियता मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात सहज शिरली. उमप-शिंद्यांच्या गाण्यासाठी तो दरवाजा किलकिलाच राहिला. हे साबळ्यांचं कर्तृत्व कमी करणारं नाही. साने गुरुजींच्या तालमीतला हा माणूस मंदिरप्रवेशाच्या बाजूने उभा राहिलेला होता. परंतु गौरवाचा उत्सव एकाच नावाभोवती फिरत राहिला, तर ज्या शाहिरीने त्यांना घडवलं तिचं चित्र एकरंगी होतं. इथेही मिनिटांचा हिशेब लागू पडतो. भीमजयंतीच्या रात्री भोईवाडा-नायगावच्या चाळींत आजही जलसा तासन्‌तास चालतो, बसलेला श्रोता बसलेला राहतो. दीर्घ गाणं संपलं अशी हाकाटी करणाऱ्यांनी तिकडे कधी पाहिलेलंच नसतं.

आपली गत काय होऊ शकते याची साबळ्यांना पुरेपूर कल्पना होती. सुपारी आली तर चूल पेटते, या हिशेबावर जगणारा कलावंत थकला की काय होतं, हे त्यांनी भोवताली पाहिलं होतं. म्हणून पसरणीजवळ त्यांनी वृद्ध, निराधार कलावंतांसाठी ‘तपस्याश्रम’ काढला. ‘माझा पवाडा’ हे आत्मचरित्र लिहून आपला हिशेबही मांडून ठेवला. २० मार्च २०१५ ला, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, परळमध्ये ते गेले. आता शताब्दीही होऊन गेली. चित्रपट आला, राज्यगीत झालं, पुतळ्याची मागणीही कुणीतरी करेलच. त्याआधी सांस्कृतिक खात्याने मुक्तनाट्यांच्या संहिता, ‘आंधळं दळतंय’सकट, टिपांसह छापाव्यात, दूरदर्शन आणि आकाशवाणीने आपापल्या कपाटांत काय आहे ते यादीनिशी जाहीर करावं, आणि गिरणगावातल्या एखाद्या मंचावर यांतला एक खेळ पूर्ण लांबीने, मध्यंतरासह, परळकरांना परवडेल अशा तिकिटात लावावा. तो पडला तरी चालेल. का पडला, हे त्या प्रेक्षकांना विचारता येईल.