बर्फ काढण्याचे कंत्राट : काम सोपवता येते, कर्तव्य नाही

परमुलखातले घर : लेखांक ७

घराच्या विम्यात हिवाळ्यातले कोणते नुकसान बसते, हे मागच्या लेखांकात पाहिले. आज उंबरठ्याबाहेर येऊ. न्यू जर्सी, बोस्टन, शिकागो, टोरांटो या भागांत ज्यांचे दुकान, दवाखाना किंवा भाड्याने दिलेले घर आहे, ते हिवाळा तोंडावर आला की बर्फ काढणारा कंत्राटदार शोधू लागतात. बोलणी बहुतेक दरावरच होतात : पूर्ण हंगामाचे किती, एका फेरीचे किती. दर पटला आणि ‘आमचा विमा आहे’ एवढे ऐकले की मालक निर्धास्त होतो. ही निर्धास्ती मला धोक्याची वाटते. कंत्राटाने काम दुसऱ्याकडे जाते, पण आपल्या आवारात येणाऱ्या माणसाविषयीचे कर्तव्य सहसा मालकाकडेच राहते. म्हणून कोणता निर्णय कोणी घ्यायचा, हे करारात दरापेक्षाही नीट लिहिले पाहिजे.

न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिलेला एक निकाल याच मुद्द्यावर प्रकाश टाकतो. पार्किंगच्या जागेत बर्फावरून घसरून पडलेल्या एका महिलेने कंत्राटदारावर दावा लावला होता. करारानुसार तीन इंचांहून जास्त बर्फ साचून हिमवृष्टी थांबली, तरच कंत्राटदाराने यायचे होते. मीठ किंवा वाळू टाकायची का, हे जागेच्या मालकाने ठरवायचे होते. जागा तपासण्याचे आणि सुरक्षित ठेवण्याचे काम मालकाने स्वतःकडेच राखले होते, म्हणून कंत्राटदार सुटला. असा अपघात घडायला फार बर्फ लागत नाही. दुपारच्या उन्हात कडेचा ढीग वितळतो, पाणी वाटेवर पसरते आणि रात्री त्याची पारदर्शक काच होते. इंच मोजायला तिथे काहीच नसते. पुन्हा गोठलेल्या पाण्यासाठी फेरी कोणी मारायची, आणि साधे मीठ जिथे जेमतेम काम करते त्या उणे नऊ अंशांखाली काय टाकायचे, हे करारात नसेल, तर ते ओझे मालकाच्याच माथी येते.

कोणी म्हणेल, बर्फ आभाळातून पडतो, त्यात मालकाचा काय दोष? मॅसॅच्युसेट्समध्ये नैसर्गिकरीत्या साचलेल्या बर्फाबद्दल मालकाला दीर्घकाळ हीच सवलत होती. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली आणि वाजवी काळजीची एकच कसोटी लावली. दुसरा आक्षेप असा, की सगळी भरपाई कंत्राटदारानेच द्यावी असे कलम घालून मोकळे व्हावे. पण मालकानेच लेखी सांगून एखादे काम करू दिले नाही, तर त्यातून होणाऱ्या इजेचा भार कंत्राटदारावर टाकणारे कलम इलिनॉयमध्ये २०१६ पासून रद्दबातल ठरते. मला हे न्याय्य वाटते. खर्च वाचवण्यासाठी मीठ नको म्हणणाऱ्याने परिणामही सोसावा.

विम्याचा कागदही नीट वाचावा. अमेरिकेत कंत्राटदार जे प्रमाणपत्र दाखवतो, त्यावरच छापलेले असते की ते केवळ माहितीसाठी आहे आणि ज्याच्या हाती ते दिले त्याला त्यातून कोणताही हक्क मिळत नाही. हक्क हवा असेल तर मूळ पॉलिसीत आपले नाव ‘ॲडिशनल इन्शुअर्ड’ म्हणून जोडून घ्यावे लागते. बागकामाच्या पॉलिसीतून बर्फ काढण्याचे काम वगळलेले नाही ना, फाळ लावलेल्या पिकअपचा विमा व्यावसायिक आहे ना, कामगारांचा विमा आहे ना, आणि हाताखालच्या पोटकंत्राटदारालाही हेच लागू आहे ना, हे विचारायला हवे.

लहानशा ड्राइव्हवेसाठी एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. तिथे जाडजूड करार नको, एक पान पुरते : किती इंचांवर यायचे, किती वेळात, मीठ कोणाच्या निर्णयाने, आणि प्रत्येक फेरीची वेळ व फोटो. या नोंदीत कंजुषी करू नये. ऑन्टारिओत जानेवारी २०२१ पासून बर्फावर पडून जखमी झालेल्याने साधारणपणे ६० दिवसांत लेखी सूचना द्यायची असते. तोवर वाटेवरचा बर्फ वितळून गेलेला असतो आणि त्या सकाळी काय केले होते, हे सांगायला ती नोंदच उरते. पुढच्या आठवड्यात भाडेकरूच्या करारातील हिवाळ्याच्या कलमांकडे वळू.