आज्ञावली लिहिणारी आज्ञावली

इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावात डेअरीत दूध घातले, की यंत्रातून पावती बाहेर पडते. तिच्यावर लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर छापलेले असतात. हा हिशेब करणारी आज्ञावली कोणी लिहायची? डेअरीच्या माणसाला दरपत्रक तोंडपाठ, पण संगणकाची भाषा येत नाही. ज्याला ती येते त्याने बहुधा दूध कधी मोजलेले नसते.

यावर तोड म्हणजे डेअरीच्या कामापुरती एक छोटी भाषा बनवायची. समजा, तिच्यात असे लिहिले (आकडे उदाहरणापुरते) :

गाय : फॅट ३.५, एसएनएफ ८.५, दर ३० रुपये.
फॅट वाढल्यास प्रत्येक पॉइंटला ३० पैसे जादा.

या ओळी वाचून दुसरी एक आज्ञावली हिशेबाची सगळी आज्ञावली स्वतःच लिहून काढते. तिला आपण ‘जनक’ म्हणू. दर बदलला, की ओळ बदलायची आणि जनकाला पुन्हा कामाला लावायचे.

आता कागद-पेन्सिल घ्या. पॉइंट म्हणजे फॅटचा ०.१ टक्का. फॅट ३.८ लागली, तर ३ पॉइंट वाढले. ९० पैसे जादा. संगणक मात्र दोनच पॉइंट धरू शकतो! दशमान पद्धतीत १/३ हा अपूर्णांक ०.३३३... असा संपतच नाही. द्विमान पद्धतीत ३.८ ची तीच गत होते. संगणक तो ३.८ हून किंचित कमी असा साठवतो. त्यातून ३.५ वजा केले, की ०.२९९९... येतात. दहाने गुणून अपूर्णांक टाकला, की उरले २. लिटरमागे ३० पैसे गेले. दहा लिटर घालणाऱ्याचे ३ रुपये, आणि तेही रोज!

हाताने आज्ञावली लिहिणारा कोणीही या खड्ड्यात पडू शकतो. जनकाला मात्र एकदाच शिकवायचे, की फॅट पूर्ण पॉइंटांत मोज : ३८ वजा ३५. पुढे तो लिहील त्या प्रत्येक आज्ञावलीत ही काळजी आपोआप येते. अर्थात जनकच चुकला तर सगळ्याच चुकतील, म्हणून त्याची तपासणी जास्त कसून हवी.

१९७५ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी ‘याक’ हे साधन केले. त्याला भाषेचे व्याकरण दिले, की ती भाषा वाचणारी आज्ञावली ते लिहून देते. आपल्या पुण्यातही १९८१ साली टाटांचे संशोधन केंद्र निघाले. आराखड्यावरून आज्ञावली तयार करणाऱ्या टीसीएसच्या ‘मास्टरक्राफ्ट’ साधनांमागे तेथील संशोधन आहे.

शाळेत संगणक असेल, तर ३.६ ते ४.५ पर्यंतच्या प्रत्येक फॅटमधून ३.५ वजा करा, दहाने गुणा आणि अपूर्णांक टाका. कोणकोणत्या फॅटला एक पॉइंट हरवतो?