पाण्याखालची खिट्टी

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या उत्तर भागात चुनखडीच्या खडकाखाली पाण्याने भरलेल्या गुहा मैलोन् मैल पसरल्या आहेत. त्यांत उतरणाऱ्या पाणबुड्यांनी एक नियम कधीच मोडायचा नसतो: गुहेच्या तोंडापासून आतपर्यंत सलग दोरी हवी. गाळ उसळून हातभर अंतरावरचंही दिसेनासं झालं, तरी ती दोरी चाचपत बाहेर येता येतं. शेक एक्स्ली या नामांकित गुहा-पाणबुड्याने 1979 मध्ये गुहांमधल्या अपघातांचा धांडोळा घेणारी पुस्तिका लिहिली, तिच्यातही या दोरीवर भर आहे.

पण वाट दाखवणारी हीच दोरी पाणबुड्याला अडकवूही शकते. त्याला निमित्त ठरते अंगावरची एक बोटभर क्लिप.

गिर्यारोहकांच्या कॅराबिनर या कडीसारख्या क्लिपची झडप आतल्या बाजूला उघडते. दोरी तिच्यावर नुसती टेकली, जरा दाबली गेली, की झडप आत सरकते, दोरी कडीत शिरते आणि तिच्यामागे झडप मिटते. पाठीवर किंवा कमरेवर हे घडलं, तर पाणबुड्याला दिसतही नाही. पुढे सरकता येत नाही एवढंच कळतं. म्हणूनच गुहेत उतरणाऱ्यांनी अशा क्लिपला ‘सुइसाइड क्लिप’ असं नाव ठेवलं आहे.

तिच्या जागी वापरतात तो बोल्ट स्नॅप. एका नळीत स्प्रिंग, तिच्या पुढे सरकती खिट्टी आणि खिट्टीला अंगठ्याने ओढायचं बोंड. बोंड मागे ओढल्याशिवाय तोंड उघडत नाही. त्यामुळे दोरी आपणहून आत शिरत नाही आणि अडकवलेली वस्तू सहसा निसटत नाही. दाब मोजण्याचं मीटर, राखीव दिवे, जादा सिलिंडर, श्वासाची लांब नळी, हे सगळं याच्याच आधाराने पट्ट्यावरच्या डी आकाराच्या कड्यांना लटकतं. थंड पाण्यात जाड हातमोजे घालावे लागतात, तेव्हा बोंड मोठं हवं. दुकानात कोरड्या, उघड्या बोटांनी सहज उघडणारा लहान स्नॅप तिथे बोटांत येत नाही.

आकार ठरला, की प्रश्न धातूचा. फ्लोरिडातल्या त्या गुहांमधलं पाणी गोडं. समुद्राच्या दर किलो पाण्यात मात्र सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर बसतो, ओरखडा पडला तरी पुन्हा भरून येतो. मिठातला क्लोराइड हाच थर फोडतो. घरातल्या भांड्यांसाठी सर्रास वापरलं जाणारं 304 जातीचं स्टील समुद्रात कमी पडतं ते यामुळे. 316 जातीत 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते क्लोराइडला अधिक काळ थोपवून धरतं. म्हणून ‘316’ किंवा त्याच दर्जाची ‘ए4’ ही खूण शोधायची.

तरीही 316 अभेद्य नाही. स्नॅपची खरी नाजूक जागा बाहेरून दिसत नाही, ती स्प्रिंगच्या नळीत असते. तिथे पाणी साचून राहतं, त्यातला ऑक्सिजन संपतो, संरक्षक थर भरून येत नाही आणि क्लोराइड एकवटत जातो. बाहेरून लखलखीत दिसणारा स्नॅप आतून पोखरला जातो.

पितळी स्नॅपही वर्षानुवर्षं नौकांवर वापरात आहेत. पितळ लाल गंज धरत नाही. मात्र खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू झिरपून जाऊ शकतं आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबं उरतं. शिवाय पितळी नळीत साध्या पोलादाची स्प्रिंग असेल, तर खाऱ्या पाण्यात त्या दोन धातूंची विद्युतघटासारखी जोडी जमते आणि बळी जाते ती स्प्रिंग. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूवर चकचकीत मुलामा दिलेला स्नॅप. कुत्र्याच्या पट्ट्याला असतो तो हुबेहूब असाच दिसतो. मुलाम्याला चरा गेला, की खालचा धातू फुगून पांढरा भुगा सुटतो.

चुंबक लावून परीक्षा करण्याची पद्धत इथे कामाची नाही. ओतीव 316 स्टील चुंबकाला किंचित ओढलं जाऊ शकतं, तर पितळ आणि जस्त अजिबात ओढले जात नाहीत.

उत्तम स्नॅपसुद्धा कधीतरी अडकून बसतो. म्हणून तो उपकरणाला धातूच्या कडीने न जोडता मजबूत बारीक दोरीने बांधायचा, ही गुहा-पाणबुड्यांची शिस्त समुद्रातही पाळण्याजोगी आहे. खिट्टी रुतली, तर दोरी चाकूने कापून सुटता येतं. धातूला धातू जोडलेला असेल, तर ती वाट बंद होते. या दोरीची खरी कसोटी मात्र पाण्याबाहेर लागते. प्रचलित अॅल्युमिनियमचा भरलेला सिलिंडर पाण्यात जवळपास तरंगता असतो, पण होडीत उचलून घेताना त्याचं सुमारे 17 किलो वजन या गाठीवर येतं.

सिंधुदुर्गात तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर स्कूबाचा हंगाम पावसाळ्यात थांबतो आणि साहित्य खोल्यांमध्ये जातं. मिठाचे कण दमट हवेतला ओलावा शोषून घेतात; नळीत राहिलेलं मीठ कोकणच्या पावसाळी हवेत ओलं राहतं आणि गंज कपाटातही पुढे सरकत राहतो. स्नॅप नुसता वरून खळबळून उपयोग नाही. कोमट गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि पाण्यातच खिट्टी वीसेक वेळा मागेपुढे करायची, म्हणजे आतलं मीठ आणि वाळू बाहेर येते. सुकल्यावर बोंड ओढून सोडायचं. खिट्टी खटकन जागेवर आली नाही, मध्येच थबकली, तर तो स्नॅप पुढच्या हंगामाच्या पेटीत जात नाही.