झाड गेले की डोंगर सुटतो

३१ ऑगस्ट २०२१ रोजी आपल्या जिल्ह्यातील कन्नड घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या. दगड-माती रस्त्यावर आली आणि वाहतूक ठप्प झाली. घाटाखाली तितूर व डोंगरी नद्यांचा पूर चाळीसगावात घुसला. जुलै २००० मध्ये घाटकोपरची झोपडपट्टी, ३० जुलै २०१४ रोजी माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. एकट्या माळीणमध्ये सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. डोंगराच्या पायथ्याशी राहतो तो गरीबच. म्हणून आम्ही हा विषय आपल्या घरातला मानतो.

झाड डोंगरावर नेमके काय करते? त्याची मुळे मातीला जाळ्यासारखी बांधतात आणि खडकाच्या भेगांत शिरून तिला खिळवून ठेवतात. पाने पावसाचा मारा झेलतात. मुळे जमिनीतले पाणी ओढून घेतात, त्यामुळे मातीचे ओझे हलके होते. झाड तोडले की डोंगर लगेच ढासळत नाही. मुळे काही वर्षे टिकतात, मग कुजतात. नव्या रोपांची मुळे तोवर खोल गेलेली नसतात. ही मधली वर्षेच सर्वांत धोक्याची! झाड आज तोडले जाते, त्याची किंमत पुढच्या पिढीला द्यावी लागते, ती अशी.

दरड सुटलीच, तर खालची उभी झाडे दगड अडवतात, चिखलाचा वेग मोडतात आणि बराच गाळ उतारावरच थोपवतात. नाही तर तोच गाळ ओढ्यातून नदीत आणि पुढे धरणात जाऊन साचतो.

मात्र झाड म्हणजे चमत्कार नव्हे. दरड मुळांच्याही खालून सुटली, तर झाडांसकट सारा उतार खाली येतो. वाहून आलेले ओंडके मोरीत अडकतात, पाणी तुंबते आणि एकदम फुटते. म्हणून झाडे राखावीतच, पण पाण्याला वाटही मोकळी ठेवावी. उतार कापून सपाट करू नये.

बंधू-भगिनींनो, पावसाळ्यात उतारावर नवी भेग दिसली, झाडे वा खांब कलले, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, दारे-खिडक्या अडकू लागल्या, तर सामानाचा मोह सोडा. मुलाबाळांना, म्हाताऱ्यांना घेऊन आधी बाहेर पडा आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा. घर पुन्हा बांधता येते, माणूस नाही.