बरड जमीन

माण-खटावकडील माळाच्या जमिनीला आपण बरड म्हणतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण झाला, तो ऊनपावसाने कुजून मुरूम झाला व त्यावर कशीबशी वीतभर माती जमली. बारीक गाळ ओढ्याकाठी वाहून गेला. तिथली रानं काळी झाली आणि माळावर खडा राहिला. बरडात पाणी तुंबत नाही, मुळांना हवा मिळते, वाफसाही लवकर येतो. सीताफळाला, बोरीला हे मानवतेसुद्धा! पण पावसाने पंधरा दिवस ताण दिला की बाजरी करपते, कारण ओल धरायला मातीच थोडी. आमच्या संघटनेतले कितीतरी हमाल-माथाडी याच मुलखातून मुंबईला आले. म्हणून मजुरीबरोबर बांधबंदिस्तीचीही मागणी आम्ही लावून धरतो. काळ्या रानातली चार बोटे माती धुपली तरी निभते. इथे तेवढ्याने तिसरा हिस्सा जातो.