आलमारीतली चौथी दवा

आमची शाळा उर्दू माध्यमाची, अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली. बऱ्याच मुलांचे अब्बा रोजंदार आहेत. गेल्या पावसाळ्यात सातवीच्या वर्गात आरोग्याचा पाठ चालू होता. आम्ही मुलांना सांगितले, घरात ज्या ज्या दवा दिसतील त्यांची यादी करून आणा. दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना एका यादीपाशी थांबलो. बुखारच्या गोळ्या, खोकल्याचे सिरप, दादीची बीपीची गोळी, आणि चौथ्या ओळीत 'कपास की दवा, आधी बोतल'.

"ही बाटली कुठे ठेवता बेटा?"

"सब एकही आलमारी में है, सर."

मुलाचे काही चुकले नव्हते. त्याच्या घरात आणि अवघ्या वऱ्हाडात त्या बाटलीला दवाच म्हणतात. मराठी बोलणारे शेजारीही 'औषध मारायला गेला' असेच म्हणतात. जी दवा दादीला बरे ठेवते आणि जी कपाशीवरची अळी मारते, त्या दोघींना आपण एकच नाव दिले आहे. ज्याला दवा म्हणतो त्याची भीती कशी वाटणार?

या नावाने काय होते ते आपल्या भागाने २०१७ मध्ये पाहिले. त्या वर्षी जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक दवाखान्यात येऊ लागले. कुणाला उलट्या, कुणाला श्वास घेता येईना, कित्येकांना डोळ्यांनी दिसेनासे झाले. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो जणांना दाखल करावे लागले. अकोला आणि अमरावतीकडेही विषबाधेचे रुग्ण निघाले. सरकारने विशेष तपास पथक नेमले. यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली. मोनोक्रोटोफॉस त्या पाचांपैकी एक होते.

त्या हंगामात कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. पाठीवर पंप घेतलेला मजूर ओळीतून चालला की फवारा त्याच्याच तोंडावर, छातीवर यायचा. अळी आटोक्यात येईना म्हणून दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. दिवसभर भिजलेला सदरा संध्याकाळपर्यंत अंगावरच राहायचा. विष पोटात गेले तरच धोका, असे पुष्कळांना वाटते. फवारणीत मात्र ते मुख्यतः कातडीवाटे शरीरात जाते. गळक्या पंपाने ओली झालेली पाठ म्हणूनच घातक असते.

मग धोक्याची सूचना कुणी दिलीच नव्हती का? दिली होती. ती बाटलीवर छापलेली असते.

आपल्या देशात १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे आणि १९७१ चे नियम आहेत. त्या नियमांप्रमाणे प्रत्येक बाटलीवर शक्करपाऱ्याच्या आकाराची एक खूण असावी लागते. तिच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो, वरच्या भागात इशारा. लाल रंग म्हणजे अत्यंत विषारी, त्यावर कवटी आणि हाडांचे चित्र. पिवळा म्हणजे तीव्र विषारी. निळा म्हणजे मध्यम. हिरवा म्हणजे त्या मानाने कमी, पण तेही विषच. हे रंग प्रयोगांवरून ठरतात. प्रयोगातल्या प्राण्यांपैकी निम्मे प्राणी मरायला दर किलो वजनामागे पन्नास मिलीग्रॅम किंवा त्याहूनही कमी औषध पुरत असेल, तर ते लाल गटात जाते. मोनोक्रोटोफॉस लाल गटातले आहे.

म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही समजावी अशी ही खूण आहे. पण खूण समजायला ती कुणीतरी एकदा समजावून सांगावी लागते. आम्ही पालकसभेत एका मजुराला विचारले, या रंगाचा अर्थ काय? ते हसून म्हणाले, "मास्टरसाब, कंपनी का रंग रहता होगा. दुकानवाला बोलता है पंप को दो ढक्कन डालो, हम डालते." त्यांची फवारणीची ही सतरावी साल होती.

बाटलीसोबत माहितीपत्रकही असते. हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या एक-दोन भाषांत ते असावे असा नियम आहे. पण त्याची अक्षरे मुंगीएवढी, आणि घडी इतक्या वेळा घातलेली की बांधावर ती कुणी उलगडत नाही. आमच्या वस्तीतल्या कितीतरी वडीलधाऱ्यांना उर्दू वाचता येते, मराठी नाही. काहींना दोन्ही नाही. नियमांत कामगारांच्या प्रशिक्षणाची गोष्टही आहे. औषध बनवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी ते द्यायचे, संरक्षक कपडे वापरायला शिकवायचे. रोज नव्या वावरात जाणाऱ्या मजुरापर्यंत ते पोहोचत नाही. शेतमालक म्हणतो दुकानदाराने सांगावे, दुकानदार म्हणतो कंपनीने सांगावे. पंप मात्र मजुराच्या पाठीवर असतो.

म्हणून आम्हाला वाटते, हे काम घरातून सुरू व्हावे. घरात वाचणारे मूल आहे. त्याने अब्बांना पत्रक वाचून दाखवावे. शिकवायच्या गोष्टी फार नाहीत. वाऱ्याकडे पाठ करून फवारावे. भर दुपारी फवारू नये. औषध हाताने ढवळू नये, काठीने ढवळावे. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा आणि मास्क हवेच. तोंडाला बांधलेला रुमाल ओला झाला की तोच विष धरून ठेवतो. फवारताना बिडी, खर्रा, खाणे नको. काम संपल्यावर साबणाने अंघोळ. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. वावरातून थेट नमाजला जाताना वुजू होतो आणि हात धुतले असे वाटते. वुजूने पाकी मिळते, पण तेलकट औषध नुसत्या पाण्याने निघत नाही. वुजूच्या आधी साबण लावावाच.

घरातल्या बायकांचाही यात वाटा आहे. फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यांत मिसळू नयेत, वेगळे धुवावेत. घरी वावराचे विष येते ते याच रस्त्याने. गरोदर बहिणींनी फवारलेल्या वावरात निंदायला जाऊ नये. आणि रिकामा डबा पाण्याला, तेलाला कधीच वापरू नये. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात, गंडामन गावच्या शाळेत दुपारच्या जेवणातून २३ मुले गेली. त्या जेवणात मोनोक्रोटोफॉस आढळले. शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही ती बातमी विसरता येत नाही. रिकामी बाटली तीनदा खळखळून, ते पाणी पंपातच ओतून, बाटलीला भोके पाडावीत.

विषबाधेची चिन्हेही साऱ्यांना माहीत असावीत. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस यांच्या जातीची औषधे शरीराच्या नसांचे काम बिघडवतात. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, उलटी, स्नायू फडफडणे, श्वास कोंडणे, ही त्यांची लक्षणे. माणसाला लगेच वावराबाहेर आणावे, भिजलेले कपडे काढावेत, साबण-पाण्याने अंग धुवावे, उलटी करवू नये आणि १०८ ला फोन करावा. सोबत ती बाटली किंवा तिचे लेबल न्यावे. या जातीच्या विषावर अ‍ॅट्रोपिनसारखा उतारा आहे, पण काय पोटात किंवा अंगात गेले ते डॉक्टरांना कळले तरच उपचार वेळेत होतो. 'काहीतरी दवा होती' एवढे सांगून त्यांना काही कळत नाही.

आपल्या मशिदींत जुम्याला सारी वस्ती एकत्र येते. फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी एका जुम्याला, नमाजनंतर, कुणी जाणत्या माणसाने रिकामी बाटली हातात धरून पाच मिनिटे बोलावे. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तालुक्याला कृषी कार्यालय आहे. तिथल्या जाणकारांना बोलवावे. मजुराचा जीव ही शेतमालकाजवळची अमानत आहे. जो हातमोजे आणि मास्क देत नाही, त्याच्या वावरात पंप उचलायला नाही म्हणण्याचा हक्क मजुराला आहे, आणि वस्तीने त्याच्या मागे उभे राहावे.

आमच्या वर्गात त्या दिवशी आम्ही फळ्यावर चार रंगांचे शक्करपारे काढले आणि मुलांना घरी जाऊन बाटलीवरचा रंग पाहून यायला सांगितले. त्या मुलाने दुसऱ्या दिवशी नवी यादी आणली. तिच्यात तीनच दवा होत्या. खाली रेघ मारून वेगळे लिहिले होते : 'जहर, पीला रंग. अब्बा ने बाहर कोठे में ताला लगाके रखा.'

यंदाच्या हंगामात इतरही घरांत ती रेघ पडावी, इन्शाअल्लाह.