काळी माती म्हणजे राख नव्हे

चाकण, म्हाळुंगे, निघोजे या भागात कारखान्याच्या पायासाठी पोकलेनने खड्डा घेतला की वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर तपकिरी मुरूम आणि तळाशी कातळ असा छेद उघडा पडतो. तरीही ही माती म्हणजे जुन्या ज्वालामुखीची राख, असे विधान वर्गातल्या फळ्यापासून जमिनीच्या व्यवहारापर्यंत बिनदिक्कत केले जाते. त्याचे खंडन त्याच खड्ड्याच्या भिंतीवर वाचता येते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये थरावर थर पसरलेला लाव्हा थिजून बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण, झाला. थिजताना पडलेल्या सांध्यांत कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी झालेले पावसाचे पाणी मुरत गेले, बेसाल्टमधील फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांचे रूप बदलले आणि कातळ चाकणच्या बाजारातल्या कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटू लागला. खडकाच्या या जागच्या जागी होणाऱ्या फुटीला विदारण म्हणतात. सुटलेले कण वाहून जाणे ही धूप, ती वेगळी. मुरूम ही विदारणाची अर्धी वाट असून हाताने चुरला जाणाऱ्या त्या ढेकळात मूळ दगडाची ठेवण अजून ओळखू येते. पुढे त्यातून स्मेक्टाइट नावाची चिकण खनिजे बनतात, जी पाण्याने फुगतात आणि वाळली की आक्रसतात; उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा त्यांच्याच. राख पडली असती, तर कातळापासून मातीपर्यंतचा हा चढता क्रम दिसलाच नसता.

खरी राख पाहायचीच असेल, तर ती जुन्नर तालुक्यात बोरी येथे कुकडीच्या गाळात आहे. मात्र ती फिकट रंगाची असून सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची मानली जाते, आणि तिच्या वयाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

खडक काळा म्हणून माती काळी, हेही पटण्यासारखे नाही, कारण याच बेसाल्टपासून महाबळेश्वरच्या धो धो पावसात तांबडा जांभा तयार झाला. काळ्या रंगावरून सेंद्रिय कर्ब भरपूर असल्याचे मानले जाते, पण भारतातील काळ्या मातीत तो बहुधा एक टक्क्याहूनही कमी आढळतो. मुरूम पसरला की दोन-चार पावसाळ्यांत त्याची माती होते, हा समज तर बांधकामाच्या सोयीचा आहे: संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मते दोन-तीन सेंटीमीटर माती घडायला हजार वर्षांपर्यंत काळ लागू शकतो.